हजर प्रतिवादी

क्रेडिट कार्डाच्या थकबाकीसाठी बँकेने दिवाणी न्यायालयात दावा लावला की अनेक घरांत पहिला विचार येतो तो समन्स टाळण्याचा. बेलिफ आला तर साहेब गावाला गेलेत म्हणून सांगायचे, टपालाने आलेला लखोटा न घेता परत पाठवायचा, अनोळखी नंबरचे फोन उचलायचे नाहीत. यामागचा हिशोब असा की कागद हाती पडलाच नाही तर दावा पुढे सरकणार नाही. हा हिशोब मुळातच चुकलेला आहे. टपालाने आलेले समन्स घ्यायला नकार दिला तर ते बजावले गेले असे न्यायालय जाहीर करू शकते, आणि बेलिफाला ते दारावर डकवून तसा अहवाल देता येतो. त्यानंतर दावा प्रतिवादीशिवाय चालतो आणि एकतर्फी हुकूमनामा होतो. कार्डाच्या दाव्यात तडजोड होते, ती रास्तही होऊ शकते. पण किती सूट मिळणार हे बहुतांशी एका गोष्टीवर ठरते, आणि ती गोष्ट म्हणजे कर्जदार न्यायालयात हजर आहे की नाही. दावा लागल्यावरही त्याच्या हाती बरेच काही असते. ते वापरायचे तर आधी न्यायालयात स्वतः किंवा वकिलामार्फत हजर व्हावे लागते.

रक्कम एवढी फुगते कशी, हे आधी पाहू. कार्डावरची उसनवारी दरमहा साडेतीन टक्क्यांनी चढते, असे समजा. वर्षाचा दर बेचाळीस टक्के झाला आणि हा दर बाजारात मुळीच दुर्मीळ नाही. एक लाख रुपये थकले, काहीच भरले नाही आणि व्याज दरमहा मुद्दलात मिळत गेले, तर वर्षाअखेर दीड लाख होतात, दोन वर्षांनी दोन लाख अठ्ठावीस हजार आणि तीन वर्षांनी तीन लाख पंचेचाळीस हजार. विलंब शुल्क आणि व्याजावरचा अठरा टक्के जीएसटी यात धरलेलाच नाही. आपल्याकडे जुन्या मुंबई इलाख्यात हिंदू ऋणकोला दामदुपटीच्या नियमाचा आधार असे: एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा जास्त नको. त्या मापाने वरच्या उदाहरणात दोन लाखांवर रेघ ओढली गेली असती. पण बँकेच्या कार्डापुढे या नियमाच्या भरवशावर बसणे धोक्याचे आहे. बँकिंग नियमन कायद्यात १९८४ पासून कलम २१-अ आहे. बँकेने लावलेले व्याज जास्त आहे एवढ्याच कारणावरून न्यायालयाला खाते पुन्हा उघडता येत नाही, असे ते कलम सांगते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली कार्डावर तीस टक्क्यांहून जास्त व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. म्हणजे ‘व्याज अन्यायाचे आहे’ एवढेच म्हणून उभा राहणारा प्रतिवादी हरतो. निकाल पटो वा न पटो, आज कायदा असा आहे आणि तडजोडीची बोलणी त्याच जमिनीवर करायची आहेत.

मग हजर राहून मिळते काय? पहिली गोष्ट म्हणजे बँकेवर पुराव्याचा भार पडतो. अर्ज कोणी केला, अटी कोणत्या मान्य केल्या, दर महिन्याच्या विवरणपत्रात काय होते, दाव्यातला आकडा कुठून आला, हे सगळे तिला कागदावर दाखवावे लागते. बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायदा १८९१ चा. त्याखाली खातेउताऱ्याची प्रमाणित प्रत चालते, पण संगणकातल्या नोंदींसाठी प्रमाणपत्र जोडावे लागते. प्रतिवादी गैरहजर असला की या कागदांकडे बारकाईने पाहायला सांगणारे कोणी नसते. तो हजर असला, मुदतीत कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, दाखल केली आणि महिनावार हिशोब मागितला, तर तपासण्यासारख्या जागा निघतात. न भरलेले शुल्क, आकार आणि कर मुद्दलात मिळवून त्यांच्यावर पुन्हा व्याज चढवू नये, असे रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सांगितले आहे. देय तारीख उलटून तीन दिवसांहून अधिक झाल्याशिवाय विलंब शुल्क लावू नये, आणि तेही राहिलेल्या रकमेवरच मोजावे, असेही त्यात आहे. एखाद्या खात्यात हे पाळले गेले नसेल, तर तक्रार व्याजदराची उरत नाही, ती नियम मोडल्याची होते, आणि कलम २१-अ तिथे आड येत नाही. कर्ज दुसऱ्या कंपनीला विकले गेले असेल, तर त्या कंपनीला आधी स्वतःचा हक्क सिद्ध करावा लागतो. हस्तांतरणाच्या कागदात नेमके हेच खाते आहे का, हा प्रश्न विचारायलाच हवा.

मुदतीचा प्रश्न याच्याही आधीचा. अशा वसुलीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते. मुदतबाह्य दावा फेटाळणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे, प्रतिवादीने मुद्दा काढला नाही तरी. प्रत्यक्षात मात्र तारखा दाखवून देणारा कोणी समोर असला तर ते सहज घडते. मुदत मोजताना दोन ठिकाणी चूक होते. मुदत संपण्यापूर्वी कर्ज लेखी आणि सहीनिशी कबूल केले, किंवा थोडी रक्कम भरली आणि तिची सहीची नोंद असली, तर तीन वर्षे तेव्हापासून नव्याने धावू लागतात. शिवाय कोरोनाकाळातला १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सर्वोच्च न्यायालयाने मुदतीतून वगळला आहे. त्यात आणखी एक फास आहे: मुदत संपून गेलेल्या कर्जासाठीसुद्धा लेखी, सहीचे वचन दिले तर करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे ते बंधनकारक ठरते. म्हणून वसुलीवाल्याने ‘फक्त पोच म्हणून सही करा’ असे म्हणत पुढे केलेला कागद वकिलाने पाहिल्याशिवाय सही करू नये. तोंडी बोलणीही सबुरीनेच करावीत.

आता सगळ्यात कमी माहीत असलेला भाग. दावा लागला की कर्ज त्याच बेचाळीस टक्क्यांनी फुगत राहील, ही भीती पुष्कळांना घाईघाईने वाटेल त्या रकमेवर सही करायला लावते. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ३४ वेगळे सांगते. दावा दाखल झाल्यापासून हुकूमनाम्यापर्यंत किती व्याज द्यायचे हे न्यायालय ठरवते आणि ते रास्त असावे एवढीच अट आहे. कराराचा दर न्यायालयावर बंधनकारक नाही. हुकूमनाम्यानंतरच्या काळासाठी साधारण मर्यादा वार्षिक सहा टक्क्यांची आहे. व्यापारी व्यवहार असेल तरच ती ओलांडता येते, आणि व्यापारी कोणता हे ठरताना देणेकऱ्याचा धंदा पाहिला जातो, बँकेचा नाही. किराणा, मुलांची फी, दवाखान्याचे बिल यांसाठी वापरलेले कार्ड व्यापारी व्यवहारात बसत नाही, हे प्रतिवादीने कैफियतीतच स्पष्ट मांडावे. याला एक मोठी मर्यादा आहे आणि ती लपवून उपयोग नाही: दाव्याआधी मुद्दलात मिळालेले व्याज मुद्दलच समजले जाते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००१ साली ठरवले आहे. म्हणजे मागचे फुगलेले आपोआप ओसरत नाही. पुढचे फुगणे मात्र आटोक्यात येते. हे बँकेच्या वकिलाला पक्के माहीत असते. प्रतिवादीलाही ते माहीत आहे असे दिसले की बोलणी बदलतात.

बँकेला हुकूमनामा मिळाला तरी त्यातून पैसा किती निघेल, याचा अंदाजही तडजोडीच्या रकमेत शिरतो. पगारावर जप्ती आली तर पहिले हजार रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोनतृतीयांश सुरक्षित असतात. चाळीस हजार पगारात सत्तावीस हजार घरी येतात आणि तेरा हजारच दरमहा जप्त होऊ शकतात, तेही एका हुकूमनाम्यासाठी एकूण चोवीस महिने. त्यानंतर त्या हुकूमनाम्यापुरता पगार मोकळा होतो. भविष्यनिर्वाह निधीवर जप्ती येत नाही. तुरुंगाची धमकी सर्रास दिली जाते. पण केवळ पैसे नाहीत म्हणून कर्जदाराला दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही, ऐपत असून तो लबाडीने टाळाटाळ करतो आहे हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या खटल्यात स्पष्ट केले. दुसऱ्या बाजूला बँकेचा हिशोबही पाहावा. किमान रक्कम देय तारखेपासून नव्वद दिवसांत भरली नाही तर खाते अनुत्पादक होते. ते आणखी वर्षभर तसेच राहिले की विनातारण रकमेची पूर्ण तरतूद बँकेला आपल्या नफ्यातून करावी लागते. त्यानंतर जे काही वसूल होईल ते नफ्यात परत येते. म्हणूनच बँक तडजोडीला तयार असते. ती मेहेरबानी करते असे समजून हात जोडण्याची गरज नाही, आणि ती हतबल आहे असे समजून ताठ राहण्याचीही. ‘निम्म्यावर मिटतेच’ असे ठाम सांगणाऱ्या दलालांवर विश्वास ठेवू नये. ठरलेली टक्केवारी कुठेच नाही. पुरावा किती पक्का, मुदत कितपत शाबूत, कर्जदाराकडे पगार किंवा मालमत्ता काय, यांवर आकडा ठरतो.

एकतर्फी हुकूमनाम्याचा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची खाती आणि रोखे ताब्यात घेऊन जाळले आणि दंगे पुणे-अहमदनगर भागात पसरले. चौकशीत पुढे आलेल्या कारणांपैकी एक असे की रयत न्यायालयात जातच नव्हती. सावकार रोखा पुढे करी, समोर कोणी नसे आणि हुकूमनामा होई. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने त्यावर इलाज केले: न्यायाधीशाने रोख्यामागचा मूळ व्यवहार उकलून पाहावा, हप्त्यांनी फेड ठरवावी, आणि दाव्याआधी समेट करून देणाऱ्यांपुढे प्रयत्न व्हावा. कार्डधारकासाठी आज असा खास कायदा नाही. तेव्हा मूळ हिशोब उकलण्याचे काम कायदा न्यायाधीशाकडून करून घेत होता. आता तेच काम प्रतिवादीला स्वतः पुढे येऊन मागावे लागते. साध्या दाव्यात कैफियतीसाठी तीस दिवस असतात, न्यायालयाच्या परवानगीने नव्वदपर्यंत. दावा संक्षिप्त कार्यपद्धतीने लावलेला असेल तर दहा दिवसांतच हजेरी नोंदवावी लागते, म्हणून समन्सवर काय लिहिले आहे ते त्याच दिवशी वाचावे. एकतर्फी हुकूमनामा झालाच असेल तर तो रद्द करून घेण्यासाठी तीस दिवसांत अर्ज करता येतो. समन्स रीतसर बजावलेच नसेल तर हे दिवस हुकूमनाम्याची माहिती मिळाल्यापासून मोजतात.

तडजोड कशी लिहावी, यात रकमेइतकेच महत्त्व कागदाला आहे. पहिली चूक होते ती वसुली प्रतिनिधीच्या फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर रक्कम ठरवून पैसे भरण्याची. पैसे भरले जातात, दावा तसाच चालू राहतो, आणि पुढच्या तारखेला बँकेचा वकील सांगतो की माझ्याकडे अशी काही सूचना नाही. रिझर्व्ह बँकेने ८ जून २०२३ रोजी तडजोडीची जी चौकट घालून दिली, तिच्यात स्पष्ट म्हटले आहे की वसुलीचा दावा न्यायालयात प्रलंबित असेल तर तडजोडीनंतर त्या न्यायालयाकडून संमतीचा हुकूमनामा घ्यायचा. म्हणजे बँकेच्या अधिकाऱ्याचे सहीशिक्क्याचे पत्र आधी, मग दोन्ही बाजूंच्या सह्यांची तडजोड पुरसीस, म्हणजे लेखी निवेदन, न्यायालयात, मग त्याप्रमाणे हुकूमनामा. त्याच चौकटीत, फेडीला तीन महिन्यांहून जास्त मुदत दिली तर ती कर्जाची पुनर्रचना समजावी, असे आहे. बँका एकरकमी किंवा दोन-तीन हप्त्यांचा आग्रह का धरतात, त्याचे कारण इथे सापडते. पुरसीसमध्ये एक वाक्य फार काळजीने वाचावे: हप्ता चुकला तर काय. बहुधा तिथे सूट रद्द होऊन दाव्याची पूर्ण रक्कम पुन्हा अंगावर येते. म्हणून जमेल तेवढाच हप्ता कबूल करावा, आणि चुकल्यावर पंधरा-वीस दिवसांची सवड लिहून घ्यावी. हप्त्यांसाठी पुढच्या तारखांचे धनादेश मागितले तर दहादा विचार करावा. थकबाकीचा दावा दिवाणी आहे. न वटलेला धनादेश मात्र फौजदारी खटला आणतो आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

लोकअदालतीतून मिटवणे पुष्कळदा सोयीचे असते. तिथला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच प्रभावी, आणि प्रलंबित दावा तिथे मिटला तर भरलेले न्यायालय शुल्क परत मिळते. ते बँकेने भरलेले असते, म्हणून बोलणीत त्याचाही आकडा धरता येतो. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. लोकअदालतीची नोटीस आली म्हणजे निकाल लागणार, असे नाही; तिथल्या मंडळाला सक्तीने निकाल देण्याचा अधिकार नाही आणि पटले नाही तर शांतपणे ‘नाही’ म्हणून बाहेर पडता येते. आणि पटून सही केली, तर त्या निवाड्यावर अपील नाही.

या सगळ्यावर काही आक्षेप येतात, आणि ते वजनदार आहेत. पहिला असा: घेतलेले पैसे पूर्ण फेडणे हा सचोटीचा मार्ग, सूट मागणे म्हणजे पळवाट. ज्याची ऐपत आहे त्याने पूर्ण फेडावे, यात वादच नाही. पण एक लाखाच्या उसनवारीचे तीन लाख पंचेचाळीस हजार झाले आणि घरात येणारा पगार चाळीस हजारच राहिला, तेव्हा प्रश्न दानतीचा उरत नाही, ऐपतीचा होतो. अशा वेळी जमेल तेवढे न्यायालयासमोर कबूल करून ठरल्या तारखेला भरणारा माणूस लपून बसणाऱ्यापेक्षा धनकोला जास्त देतो. तडजोडीची वाट संहितेनेच ठेवली आहे आणि बँकांच्या नियंत्रकाने तिला चौकट दिली आहे. दुसरा आक्षेप पतअहवालाचा. तो खरा आहे. सूट घेऊन मिटवलेले खाते अहवालात ‘सेटल्ड’ म्हणून दिसते, ‘क्लोज्ड’ म्हणून नाही, आणि शेतीकर्ज वगळता इतर कर्जांत त्याच संस्थेकडून किमान बारा महिने नवे कर्ज मिळत नाही. ज्याला वर्षभरात घरकर्ज काढायचे आहे त्याने पूर्ण रक्कम हप्त्यांनी फेडण्याचाच प्रयत्न करावा. पण तुलना करायची ती अनुत्पादक खाते आणि प्रलंबित दावा या स्थितीशी. स्वच्छ अहवाल केव्हाच मागे पडलेला असतो.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो: हातात पैसाच नाही, मग हजर राहून करायचे काय, आणि वकिलाची फी कुठून आणायची? पैसा नसला तरी कैफियत दाखल करता येते, आणि जप्तीतून काय वगळायचे, व्याज कोणत्या दराने द्यायचे, हप्ते मिळावेत का, हे न्यायालयाला सांगता येते. पैशाच्या हुकूमनाम्यात हप्ते ठरवून देण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. फीचे म्हणाल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. जिल्हा आणि तालुका न्यायालयांच्या आवारातच विधी सेवेचे कार्यालय असते. समन्स हाती पडले की ते घेऊन आधी तिथे जावे. वसुलीवाल्याच्या फोनला उत्तर त्यानंतर द्यावे, आणि सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी सातनंतर आलेल्या फोनला उत्तर देण्याची गरजच नाही, कारण त्या वेळांत फोन करू नयेत असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावले आहे.

शेवटचा हप्ता भरला म्हणजे काम संपले असे समजू नये. बँकेकडून देणे संपल्याचे पत्र घ्यावे, हुकूमनाम्यातील रक्कम पूर्ण फिटल्याची नोंद न्यायालयात करून घ्यावी आणि दोन्हींच्या प्रमाणित प्रती काढाव्यात. पतअहवालात बाकी शून्य दिसत नसेल तर लेखी तक्रार करावी; तीस दिवसांत ती निकाली निघाली नाही तर त्यापुढे दररोज शंभर रुपये भरपाई मिळते. या प्रती घरात नीट जपून ठेवाव्यात. पैशाच्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी बारा वर्षांपर्यंत मागता येते, आणि तेवढ्या काळात बँकेतले अधिकारी बदलतात, खाती विकली जातात, आणि नव्या मालकाकडून पुन्हा नोटीस येऊ शकते.